आधी फोटो, मग वेल्डिंग

घोड्यांची जुनी गाडी माझ्याकडे आली की मी आधी तळावरची रबरी मॅट उचलायला लावतो. लोक रंग, टायर आणि इंजिनाचा आवाज बघून गाडी पसंत करतात. घोडा मात्र उभा असतो तळावर. धुळ्यात माझं ट्रक-टेम्पोच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्याच्या आगेमागे अशा गाड्यांची ये-जा वाढते. चार-साडेचारशे किलोचं जनावर, ब्रेक लागला की सगळा भार एका बाजूला. मॅटखाली मूत आणि पाणी मुरत राहतं. वरून धड दिसणारा प्लायवूड खालून भुसभुशीत होतो, त्याखालच्या लोखंडी आडव्यांना गंज खातो.

गेल्या मोसमात वरातीला घोडी देणारा एक तरुण असाच टेम्पो घेऊन आला. जुन्या गाड्यांच्या एका डीलरने 'घोड्यांसाठीच बनवलेली आहे' असं सांगून विकलेला. घोडी चढवताना तळ लवला म्हणून पोराला शंका आली. मॅट काढली तर कुजलेल्या फळ्यांवर नवा पत्रा टाके मारून बसवलेला, वर काळा रंग. कडेला स्क्रूड्रायव्हर लावला तो सरळ खाली गेला.

"काका, आजच नवा तळ टाकून द्या, उद्या सुपारी आहे," तो म्हणाला.

"टाकून देईन. पण हा तळ भंगारात गेला की तुझी केसही त्याच्याबरोबर गेली."

अशा भांडणांत माझ्याकडून तपासणीचा कागद मागतात, त्यामुळे वकिलांशी बसणं-उठणं होतं. त्यातून एक कळलं : गाडी विकली कोणी, यावर निम्मा निकाल ठरतो.

विकणाऱ्याचा धंदाच गाड्या विकण्याचा असेल, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. गाडी जुनी असली तरी होतो. अडचण येते ती 'व्यापारी कारणासाठी घेतली' या आक्षेपाची. मोठ्या स्टड फार्मच्या कंपनीने ताफ्यासाठी गाडी घेतली तर हा आक्षेप टिकू शकतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी कायद्याने व्यापारी धरली जात नाही. वरातीची घोडी सांभाळणारा हा पोरगा म्हणूनच ग्राहक ठरतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात; डीलर इंदूरचा असो की सुरतेचा. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. आयोग दोष काढून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो.

शेजारच्या गावातल्या घोडेवाल्याने स्वतःची एकुलती गाडी विकली असेल, तर हा रस्ता बंद. मग दिवाणी न्यायालय. १९३० चा मालविक्री कायदा साधारणपणे 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' असंच म्हणतो. पण वस्तू ज्या वर्णनाने विकली त्या वर्णनाची असलीच पाहिजे, हे बंधन खासगी विकणाऱ्यालाही आहे. आणि १८७२ च्या करार कायद्यात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच आहे. नुसता गप्प बसलेला माणूस कदाचित सुटेल. कुजक्या फळीवर पत्रा ठोकून रंग फासणाऱ्याला ते जड जातं. 'आहे तशी घेतली' एवढं कागदावर लिहून घेतलं म्हणून असा लबाडपणा धुऊन निघत नाही.

डीलर हमखास म्हणतो, "पासिंग झालंय ना!" पासिंग हवंच. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दर वर्षी करावं लागतं. पण ते सांगतं त्या दिवसापुरतं. जनावरांच्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-ई वेगळा आहे : प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा, घोड्यासाठी किमान सव्वादोन चौरस मीटर, आणि आरटीओचा खास परवाना. 'घोड्यांची गाडी' म्हणून विकली आणि यातलं काहीच नसेल, तर मॅट उचलण्याआधीच एक मुद्दा हातात आला.

त्या पोराला मी क्रम सांगितला. गाडी जागेवर उभी कर. दोष कळल्यावरही रस्त्यावर काढलीस तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली तूच अडकशील. मॅट लावलेली आणि काढलेली, दोन्ही फोटो काढ, नंबर प्लेट दिसेल असे. माझा कागद घे, शिवाय ऑटोमोबाइल इंजिनिअर किंवा सर्व्हेअरची सही असलेला अहवाल घे. जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पैसे दिल्याची नोंद जपून ठेव. मग डीलरला लेखी कळव : हा दोष आहे, गाडी परत घ्या, तपासायची तर येऊन तपासा. यात दिरंगाई नको. महिनोन्‌महिने गाडी वापरत राहिलं की ती स्वीकारली असं धरलं जातं. मग परत करण्याचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाईची मागणी उरते. नोटिशीने भागलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती आहे. उद्याची सुपारी त्याने मित्राच्या गाडीने भागवली. त्या दिवशी मी वेल्डिंग मशीनला हात लावला नाही.

गाडी अजून घ्यायची असेल तर व्यवहाराच्या पावतीवर एक ओळ विकणाऱ्याच्या हाताने लिहून घ्या : 'ही गाडी घोडे वाहण्यासाठी विकत दिली, तळ व फाळका त्यासाठी सुस्थितीत आहे.' तळाची खात्री असलेला माणूस ती लिहून देईल. लिहायला कां-कूं करत असेल तर पैसे खिशात ठेवा आणि त्याच्यासमोरच मॅट उचला.