दिनविशेषातील ‘एकच दिवस’ : कालगणनेचा प्रश्न

एकाच तारखेस निरनिराळ्या वर्षी घडलेल्या घटना शेजारी शेजारी मांडण्याची दिनविशेषाची पद्धत वृत्तपत्रे व दैनंदिन्या यांतून रूढ झाली आहे. तारीख सर्व देशांत आणि सर्व काळी एकाच रीतीने मोजली गेली, हे तिच्यामागील गृहीतक होय. सतराव्या शतकापुरते तरी ते टिकत नाही. २३ एप्रिल १६१६ हा शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस या दोघांचा मृत्युदिन म्हणून सांगितला जातो. युनेस्कोने १९९५ मध्ये ग्रंथदिनासाठी हीच तारीख निवडली. परंतु स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगरीय गणना स्वीकारली होती, तर इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेवरच राहिले. दोहोंत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते. स्पेनच्या हिशेबाने शेक्सपिअर ३ मे रोजी निवर्तला.

मराठ्यांच्या इतिहासात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ६ जून या दिनविशेषात १६७४ चा शिवराज्याभिषेक आणि १९४४ चे नॉर्मंडीतील सैन्यावतरण एकत्र येतात. यांपैकी पहिली तारीख ज्युलियन आहे. राज्याभिषेकास हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन ज्या इंग्रजांचा वकील होता, ते हीच गणना वापरीत. ग्रेगरीय गणनेने तो दिवस १६ जून येतो. मूळ मितीची नोंदही वरवर पाहता विसंगत वाटते. उत्सव ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस होतो. जेधे शकावली मात्र शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार असे नोंदवून तीन घटका रात्र उरली असता सिंहासनारोहण झाल्याचे सांगते. येथे विसंगती नाही. आपल्याकडे वार सूर्योदयापासून मोजला जातो, म्हणून पहाटेपूर्वीची ती वेळ शुक्रवारातच पडते. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्यांच्या लेखी शनिवार, ६ जून उजाडलेला असतो. द्वादशी शुक्रवारीच दुपारनंतर संपल्याने त्या क्षणी प्रत्यक्षात त्रयोदशी चालू होती. शकावलीकाराने सूर्योदयाची तिथी लिहिली, उत्सवाने त्या क्षणाची धरली.

संशोधकास यात वार सर्वांत उपयोगी पडतो. गणना बदलताना तारखा गाळल्या गेल्या, वारांची साखळी मात्र कोठेही तुटली नाही : इंग्लंडात बुधवार, २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस गुरुवार, १४ सप्टेंबर होता. मुंबईकर इंग्रजांचे ५ जूनचे पत्र आणि गोव्यातील पोर्तुगिजांचे १५ जूनचे पत्र समोर आले, तर दुसरे दहा दिवस मागाहूनचे वाटते. वस्तुतः दोन्ही एकाच दिवशीची असतात. हे ध्यानी न घेता कोणाची बातमी कोणास आधी कळली याविषयी निष्कर्ष काढल्यास कार्यकारणच उलटे होते. इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले, ही आणखी एक अडचण. शिवजन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही मिती १९ फेब्रुवारी १६३० शी जुळते; परंतु तत्कालीन इंग्रज कारकुनाने तो दिवस १६२९ मध्येच घातला असता. छापील पत्रसंग्रहांतील जानेवारी ते मार्चची पत्रे वापरताना संपादकाने वर्ष सुधारले आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

१७५२ नंतरच्या इंग्रजी तारखांना हा दोष लागत नाही, तरीही एक निराळाच भ्रम उरतो. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवारी झाले. ही तारीख पाहून ते मकरसंक्रांतीच्या दिवशी झाले असे सर्रास लिहिले जाते, कारण आपल्या काळात संक्रांत बहुधा १४ वा १५ जानेवारीस येते. पंचांगातील निरयन वर्ष ग्रेगरीय वर्षाहून किंचित मोठे असल्याने संक्रांतीची तारीख शतकागणिक पुढे सरकत आली आहे. १७६१ साली संक्रांत युद्धापूर्वी काही दिवस होऊन गेली होती.