संगणकाचा गाभा आणि परक्या पत्त्याची पारख

जुळे सोलापुरांत आज मोबाईल फोन घरोघर पोहोंचला आहे. त्यांपैकीं ज्यांस आपण अँड्रॉइड म्हणतों, त्यांच्या तळाशीं 'लिनक्स' अहोरात्र राबत असतो. फिन्लंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तो १९९१ सालीं लिहावयास घेतला. यासच 'कर्नल' म्हणतात. पलटणींतील कर्नलाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. येथें अर्थ गाभा इतकाच.

प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा वेगळा भाग नेमून दिलेला असतो. गाभ्याच्या भागांत त्यानें हात घातल्यास प्रोसेसरच त्यास अडवितो. गाभ्यास मात्र सर्वत्र संचार मोकळा. आणि नेमकी येथेंच अडचण उत्पन्न होते. फाईल वाचावयाची झाली म्हणजे प्रोग्रॅम गाभ्यास विनंति करतो, "मजकूर आणून माझ्या अमुक पत्त्यावर ठेव." हा पत्ता म्हणजे केवळ एक आंकडा. तो खरोखर त्याच प्रोग्रॅमच्या मालकीचा आहे, हें कशावरून?

कल्पना करा कीं, एका कचेरींत दप्तरखान्याच्या किल्ल्या फक्त कारकुनाजवळ आहेत. एका लबाड अर्जदारानें लिहिलें, "हा कागद सातव्या कपाटांत ठेवावा." त्या कपाटांत खुद्द कचेरीचे हुकूम आहेत. अर्जदारास आंत पाऊलहि टाकतां येत नाहीं. परंतु कारकुनानें डोळे मिटून काम केलें, तर बनावट कागद बिनबोभाट हुकुमांत जाऊन बसेल.

म्हणून असा दंडक आहे कीं, परका पत्ता गाभ्यानें थेट वापरूं नये. तो पत्ता, व तेथून पुढें लागणारी जागा, प्रोग्रॅमच्या हद्दींत आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें; आणि मजकुराची नेआण त्यासाठींच लिहिलेल्या कृतींकडून करावी. कारण हद्द बरोबर असली, तरी मेमरीचें तें पान त्या क्षणीं हजर असेलच असें नाहीं. एरवीं अशी ठेंच लागली तर गाभाच कोसळावयाचा. पण या कृतींतील कोणत्या आज्ञेवर ठेंच लागूं शकेल, याची यादी तयारच असते. पान आणतां आलें तर काम पुढें चालतें. न आल्यास प्रोग्रॅमला 'पत्ता चुकीचा' असें उत्तर मिळतें आणि गाभा शाबूत राहतो.

आणखी एक खोंच आहे, व ती मला सर्वांत मौजेची वाटते. प्रोग्रॅमच्याच जागेंत मजकूर तपासून मग तेथूनच पुन्हा वाचला, तर मधल्या क्षणीं त्याच प्रोग्रॅमचा दुसरा धागा तो बदलूं शकतो. यास्तव आधीं नक्कल, मग तपासणी. मूळाकडे पुन्हा वळावयाचें नाहीं.

इंटेलनें २०१४ पासून आपल्या कांहीं प्रोसेसरांत आणखी एक दार बसविलें. गाभ्यानें तें मुद्दाम उघडल्याशिवाय त्यासहि प्रोग्रॅमच्या जागेस हात लावतां येत नाहीं. तरीहि २०१७ सालीं लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तींत घोटाळा झालाच. 'वेटआयडी' नांवाच्या विनंतीचें काम नव्यानें लिहितांना दार उघडलें गेलें, पण हद्दीची तपासणी राहिली. त्यामुळें साध्या प्रोग्रॅमला गाभ्याच्याच जागेंत लिखाण करवून घेतां येऊं लागलें, म्हणजे सर्वाधिकाराची वाट मोकळी झाली. दुरुस्ती त्याच वर्षीं झाली. पुढें २०१९ मध्यें दार उघडण्याच्या कृतींतच ती तपासणी घालण्यांत आली. आतां हद्द पटल्याशिवाय दारच उघडत नाहीं.