उत्तरायण केव्हां सुरू होतें ?

संक्रांतीस मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवतांना, ‘आजपासून सूर्य उत्तरेकडे वळला बरें का,’ असें मी नेहमीं सांगत असें. शाळेंतही वर्षानुवर्षें हेंच शिकविलें. परंतु गेल्या संक्रांतीस माझ्या नातीनें मला निरुत्तर केलें. “आजोबा, सूर्य तर तीन आठवड्यांपूर्वींच वळला !” असें म्हणून तिनें मला आमच्या पुण्याच्या घरच्या अंगणांत नेलें.

तेथें तिनें एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ रोवली होती आणि मध्यान्हींच्या सावलीच्या टोकाशीं खडूनें खुणा केल्या होत्या. २२ डिसेंबरास सावली ९० सेंटिमीटर भरली होती. त्या दिवशीं ती ८३ च भरली. सावली आखडली म्हणजे सूर्य माथ्याकडे सरकला, हें उघड आहे. माझ्या शिकवण्यांत चूक होती खास !

हें कोडें उलगडावयाचें तर पृथ्वीच्या गति लक्षांत घेतल्या पाहिजेत. पहिली गति स्वतःभोवतालची. तिच्यामुळें दिवस व रात्र होतात. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीयां’त चालत्या नावेचा दृष्टान्त देऊन, आकाश फिरल्याचा केवळ भास होतो, असें सांगितलें आहे. दुसरी गति सूर्याभोंवतीं, सुमारें सव्वातीनशें पासष्ट नव्हे, तर ३६५¼ दिवसांची. ऋतु हे तिचे फळ.

पुष्कळांस वाटतें कीं, पृथ्वी सूर्याजवळ गेली म्हणजे उन्हाळा होतो. वस्तुतः ती सर्वांत जवळ, सुमारें १४·७ कोटि किलोमीटरांवर, जानेवारीच्या आरंभीं असते; आणि तेव्हां तर आपण शाली पांघरून बसतों ! खरें कारण निराळें आहे. सायंकाळीं समई लावल्यावर एका लिंबांत दाभण आरपार खुपसावें व तें खिडकीकडे कलतें धरून लिंबू समईभोंवतीं फिरवावें. दाभणाचा कल मात्र बदलूं देऊं नये. एका बाजूस लिंबाच्या वरच्या अर्धावर अधिक उजेड पडेल, समोरच्या बाजूस खालच्या अर्धावर. पृथ्वीचा आंस असाच सुमारें साडेतेवीस अंश कललेला आहे. म्हणून पुण्यास जूनांतील मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरांतील लहान दिवस अकरा तासांचा असतो. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस काठीची सावली मध्यान्हीं नाहींशी होते. मधल्या काळांत तर ती दक्षिणेस पडते.

मग संक्रांत मागें कां राहिली ? भोवरा मंदावतांना त्याचें डोकें जसें डुलतें, तसा पृथ्वीचा आंसही सुमारें २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. त्यामुळें ऋतूंचें वर्ष नक्षत्रांवरून मोजलेल्या वर्षाहून सुमारें वीस मिनिटांनीं लहान असतें. आपली संक्रांत नक्षत्रांवरून ठरते. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं ती व उत्तरायणारंभ एकत्र होते; पुढें दर सत्तर-बहात्तर वर्षांस एकेका दिवसाचें अंतर पडत गेलें.

आपल्या विद्वानांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं गेल्याच्या मागील शतकांत ऋतूंशीं जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेंत पौषाचा आरंभ २२ डिसेंबरासच होतो. लोकांत मात्र जुनी गणना टिकून आहे.

म्हणून सण सोडावा, असें मी म्हणत नाहीं. तिळगूळ गोडच आहे. पण मुलांस सांगावयाचें तें खरें सांगावें. जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी भेटल्यास मी आतां आपली चूक कबूल करतों. आणि येत्या डिसेंबरांत ओळंबा धरण्याचें काम नातीनें माझ्याकडे सोंपविलें आहे.