अपडेटच्या आधी व्हेअर : एका स्थानकाचं नाव बदलताना

मागच्या व्याख्यानात आपण टेबल तयार केलं आणि त्यात ओळी भरल्या. आज दोन कामं करायची आहेत. हव्या त्या ओळी निवडायच्या आणि निवडलेल्या ओळींतच बदल करायचा. दुसरं काम पहिल्यावर किती अवलंबून आहे, हे शेवटपर्यंत आपल्या लक्षात येईलच.

उदाहरण रोजच्या वाटेवरचं घेऊ. १९ जुलै २०१८ पासून पश्चिम रेल्वेवरच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं. फलक बदलले, गाडीतली उद्घोषणा बदलली. पण असा बदल झाला की संगणकातल्या नोंदीही बदलाव्या लागतात. तेच आपण आज करून पाहू.

त्यासाठी सात ओळींचं छोटं टेबल घेतलं आहे, नाव 'स्थानके'. हे फक्त शिकण्यासाठी आहे, रेल्वेचं खरं टेबल नव्हे. कॉलम चार: क्रमांक, नाव, मार्ग आणि जुने_नाव. शेवटचा कॉलम अजून सगळा रिकामा आहे. ओळी अशा:

१ – चर्नी रोड – पश्चिम
२ – लोअर परळ – पश्चिम
३ – एल्फिन्स्टन रोड – पश्चिम
४ – दादर – पश्चिम
५ – करी रोड – मध्य
६ – परळ – मध्य
७ – दादर – मध्य

एक सूचना. आज्ञा आपण बोलतो तशाच इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर सिलेक्ट, व्हेअर हे शब्द आणि आकडे इंग्रजीत टंकायचे. या मालिकेत आपण मायएसक्यूएल वापरतो आहोत.

आधी निवड

सिलेक्ट * फ्रॉम स्थानके व्हेअर मार्ग = 'पश्चिम';

चार ओळी आल्या. व्हेअर ही चाळणी आहे. डेटाबेस एकेक ओळ उचलतो, अट लावतो, अट खरी ठरली तरच ती ओळ पुढे पाठवतो. आता ही पाहा:

सिलेक्ट * फ्रॉम स्थानके व्हेअर नाव = 'दादर';

दोन ओळी! कारण दादर पश्चिम रेल्वेवर आहे आणि मध्य रेल्वेवरही. आपल्याला पूल ओलांडताना ते कळतं, टेबलाला नावावरून कळत नाही. म्हणूनच प्रत्येक ओळीला वेगळा क्रमांक दिलेला असतो. त्याला प्रायमरी की म्हणतात.

नावाचा काही भागच आठवत असेल तर लाइक वापरायचं. टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'इथे काहीही चालेल'. नाव लाइक '%परळ%' असं लिहिलं तर लोअर परळ आणि परळ दोन्ही येतात. नाव लाइक 'परळ%' लिहिलं तर एकटं परळ येतं. आणि बरोबरच्या चिन्हापुढे 'परेल' लिहिलं तर काहीच येत नाही. आपण दोन्ही प्रकारे लिहितो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. तेव्हा शून्य ओळी आल्या म्हणजे नोंद नाहीच, असं समजू नका. नाव इन ('परळ', 'परेल') अशी अट घालून पाहा.

दोन अटी जोडताना कंस विसरायचा नाही. मध्य रेल्वेवरचं परळ आणि मध्य रेल्वेवरचं दादर हवं आहे, म्हणून कोणी लिहिलं:

व्हेअर मार्ग = 'मध्य' अँड नाव = 'परळ' ऑर नाव = 'दादर'

तर तीन ओळी येतात, पश्चिमेचं दादरही आत शिरतं. कारण अँड आधी बांधलं जातं, ऑर नंतर. मार्ग = 'मध्य' अँड (नाव = 'परळ' ऑर नाव = 'दादर') असं लिहिलं की दोनच ओळी.

मग बदल

आता अपडेट. तीन भाग असतात: कुठल्या टेबलात, काय बदलायचं, कुठल्या ओळींत.

अपडेट स्थानके सेट नाव = 'प्रभादेवी';

इथे तिसरा भाग नाही. चुकीची आज्ञा म्हणून डेटाबेस ती नाकारेल का? नाही. भाषेच्या नियमात ती अगदी बरोबर आहे. तो साती ओळी बदलेल, आणि चर्नी रोडपासून दादरपर्यंत प्रत्येक प्रवासी प्रभादेवीलाच उतरेल. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये 'सेफ अपडेट्स' ही सोय सुरुवातीपासून चालू असते, ती अशी आज्ञा अडवते. पण सगळीकडे ती असेलच असं नाही.

व्हेअर लिहिलं पण ढिलं लिहिलं, तर धोका जास्त. व्हेअर नाव लाइक '%रोड' असं लिहिलं तर चर्नी रोड आणि करी रोडही प्रभादेवी होतील. सगळं टेबल बिघडलं तर लगेच दिसतं. तीन ओळींतल्या दोन चुकीच्या बदलल्या, तर कित्येक महिने कोणाला पत्ता लागत नाही.

म्हणून पद्धत ठरवून टाकू. अपडेट लिहिण्याआधी त्याच व्हेअरने सिलेक्ट चालवायचं. किती ओळी आल्या ते मोजायचं. मग बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करायचा:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
अपडेट स्थानके सेट जुने_नाव = नाव, नाव = 'प्रभादेवी' व्हेअर क्रमांक = ३;

डेटाबेस उत्तर देतो की एक ओळ जुळली, एक बदलली. आपणही एकच मोजली होती. सिलेक्ट करून डोळ्यांनी पाहायचं आणि मगच कमिट. आकडा जुळला नाही तर रोलबॅक, सगळं पूर्ववत. स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिहिलं नाही तर मायएसक्यूएल प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करून टाकतं. मग रोलबॅक म्हणून उपयोग नाही.

सेटमधला क्रमही पाहा. प्रमाणित एसक्यूएलमध्ये उजवीकडची सगळी नावं बदलाच्या आधीची धरतात, त्यामुळे क्रमाने फरक पडत नाही. मायएसक्यूएल मात्र डावीकडून उजवीकडे जातं. आधी नाव बदलून नंतर जुने_नाव = नाव लिहिलं, तर जुन्या नावाच्या जागीही प्रभादेवीच बसेल आणि एल्फिन्स्टन रोड टेबलातून पुसलं जाईल.

आता ज्यांचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड नाही, ती स्थानकं मागू:

सिलेक्ट * फ्रॉम स्थानके व्हेअर जुने_नाव <> 'एल्फिन्स्टन रोड';

सहा ओळींची अपेक्षा, आल्या शून्य. बाकी सहा ओळींत जुने_नाव रिकामं आहे, म्हणजे नल. नल म्हणजे 'माहीत नाही'. माहीत नसलेली गोष्ट वेगळी आहे का, याचं उत्तरही 'माहीत नाही' असंच येतं, आणि व्हेअर फक्त 'खरं' ठरलेल्या ओळी सोडतं. अशा वेळी ऑर जुने_नाव इज नल हे वेगळं लिहावं लागतं.

जुनी नोंद बदलायची का?

आता प्रश्न व्याकरणाच्या पलीकडे जातो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ जणांचे प्राण गेले. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांत, कागदपत्रांत स्थानकाचं नाव एल्फिन्स्टन रोड असंच आहे.

समजा, अपघातांच्या टेबलात स्थानकाचं नाव अक्षरांत लिहून ठेवलं आहे. दहा महिन्यांनी नाव बदललं आणि कोणी उत्साहाने त्या टेबलातही अपडेट चालवलं. आता २०१७ च्या नोंदीत प्रभादेवी दिसेल. एखाद्या घरातलं माणूस जुना कागद घेऊन आलं आणि त्यावरचं नाव शोधलं, तर शून्य ओळी. अपडेट केलंच नाही, तर प्रभादेवी शोधणाऱ्याला ती नोंद सापडणार नाही. दोन्हीकडून 'नोंद नाही' असंच उत्तर, आणि ते खोटं.

यातून वाट अशी. अपघाताच्या टेबलात नाव लिहायचंच नाही, स्थानकाचा क्रमांक ३ लिहायचा. हा क्रमांक निरर्थक असलेलाच बरा. रेल्वेचे संक्षिप्त कोडही बदलतात. सीएसटीएमचं सीएसएमटी झालेलं आपण पाहिलं आहे. शिवाय एक जुने_नाव पुरत नाही. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तीन नावं ठेवायची कुठे?

तर नावांचं वेगळं टेबल करायचं, 'स्थानक_नावे': स्थानक_क्रमांक, नाव, पासून, पर्यंत. चालू नावाचा 'पर्यंत' रिकामा. आपल्या नोंदी जिथून सुरू होतात ती तारीख, समजा १ जानेवारी २०००, पहिल्या ओळीच्या 'पासून'मध्ये घालू. नाव बदललं की जुनी ओळ पुसायची नाही, फक्त बंद करायची आणि नवी जोडायची:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
अपडेट स्थानक_नावे सेट पर्यंत = '२०१८-०७-१९' व्हेअर स्थानक_क्रमांक = ३ अँड पर्यंत इज नल;
इन्सर्ट इन्टू स्थानक_नावे व्हॅल्यूज (३, 'प्रभादेवी', '२०१८-०७-१९', नल);
कमिट;

पर्यंत इज नल ही अट गाळली तर आधीच बंद झालेल्या ओळींच्या तारखाही बदलतील. दोन्ही आज्ञा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, कारण मध्येच वीज गेली तर स्थानक बिननावाचं राहता कामा नये. आता अपघाताच्या दिवशी नाव काय होतं?

सिलेक्ट नाव फ्रॉम स्थानक_नावे व्हेअर स्थानक_क्रमांक = ३ अँड पासून <= '२०१७-०९-२९' अँड (पर्यंत > '२०१७-०९-२९' ऑर पर्यंत इज नल);

उत्तर येतं एल्फिन्स्टन रोड. तारीख २०१९ ची घातली तर प्रभादेवी. दोन्ही उत्तरं खरी, आणि दोन्ही नावांवरून आपण त्याच क्रमांक ३ पर्यंत पोहोचतो. म्हणजे जुना कागद घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही.

घरी करायला एक अभ्यास. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चर्नी रोडचं गिरगाव आणि करी रोडचं लालबाग असं नामांतर करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. अशा बदलाला केंद्राची मंजुरीही लागते. ती मिळून एखादी तारीख ठरली असं धरा आणि दोन्ही स्थानकांसाठी 'स्थानक_नावे'मधले बदल लिहा. आधी सिलेक्ट, मग मोजणी, मग अपडेट. किती ओळी बदलणार ते एंटर दाबण्याआधी वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्याख्यानात जॉइन घेऊ आणि अपघातांचं टेबल या नावांच्या टेबलाशी जोडून पाहू.