चोवीस सेकंदांचा हंगाम

२२ नोव्हेंबर १९५०. मिनियापोलिसमध्ये लेकर्सविरुद्ध फोर्ट वेन पिस्टन्स. लेकर्सकडे सहा फूट दहा इंच उंचीचा जॉर्ज मायकन होता. बास्केटखाली त्याला अडवणं अशक्य, म्हणून पिस्टन्सनी ठरवलं की चेंडू त्याच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही. ते चेंडू हातात धरून नुसते उभे राहिले. अंतिम गुणसंख्या : पिस्टन्स १९, लेकर्स १८. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासात इतक्या कमी गुणांचा सामना दुसरा नाही.

पिस्टन्सनी कोणताही नियम मोडला नव्हता, आणि खरं दुखणं तेच होतं. चेंडू किती वेळ स्वतःकडे ठेवायचा याला मर्यादाच नव्हती. आघाडी मिळाली की संघ वेळ काढत बसायचा. चेंडू परत मिळवायला समोरचा संघ मुद्दाम फाउल करायचा. मग फ्री थ्रो, पुन्हा फाउल, पुन्हा फ्री थ्रो. १९५३च्या प्लेऑफमध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूज यांचा सामना चार जादा डावांपर्यंत ताणला गेला. त्यात बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले, त्यातले ३० फ्री थ्रोवर. पराक्रम मोठाच, पण तिकीट काढून आलेला माणूस धावता खेळ बघायला येतो.

यावर तोडगा काढला तो सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी. इटलीत जन्मलेला हा माणूस सिरॅक्यूजमध्ये बोलिंगचा अड्डा चालवायचा. त्यांचं गणित शाळकरी पोराला जमेल इतकं सोपं होतं. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागिले १२०. उत्तर २४. चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत फेकला नाही, तर तो समोरच्याला द्यायचा. या हिशेबात संघाचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांचाही वाटा होता. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

ऑगस्ट १९५४मध्ये सिरॅक्यूजच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत इतर मालकांसमोर प्रयोग झाला. खेळाडू आधी घाबरून भराभर चेंडू फेकत सुटले. मग लक्षात आलं, चोवीस सेकंद पुष्कळ असतात. नियम मंजूर झाला. त्याच वेळी एका डावात संघाने ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाउल केले, तर समोरच्याला जादा फ्री थ्रो देण्याचंही ठरलं. घड्याळाला या नियमाची जोड नसती, तर फाउलचा धंदा चालूच राहिला असता.

१९५४-५५चा हंगाम तसा अशुभ सुरू झाला. मायकन निवृत्त झाला होता. बाल्टिमोर बुलेट्स १४ सामने खेळून नोव्हेंबरमध्येच बंद पडले आणि लीगमध्ये आठ संघ उरले. पण मैदानावर खेळ पळू लागला. एका संघाची सामन्यामागची सरासरी ७९.५वरून ९३.१ गुणांवर गेली. बोस्टन तर सबंध हंगामात सरासरी शंभरच्या वर राहिलेला पहिला संघ ठरला. आपल्याकडे प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या चढाईला प्रेक्षक जसे पुढे सरकून बसतात, तसं इथे दर २४ सेकंदांना होऊ लागलं.

अंतिम फेरीत आले सिरॅक्यूज आणि, वेळ काढून १९-१८ जिंकलेले तेच, फोर्ट वेन. फोर्ट वेनचं स्वतःचं मैदान बोलिंगच्या स्पर्धेला दिलेलं असल्याने त्यांचे घरचे सामने इंडियानापोलिसला झाले. तीन-तीन अशी बरोबरी झाली. १० एप्रिल १९५५ला सिरॅक्यूजमध्ये सातवा सामना. फोर्ट वेनने एका क्षणी १७ गुणांची आघाडी घेतली. जुन्या नियमात खेळ तिथेच संपला असता, कारण चेंडू धरून उभं राहण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता मात्र दर २४ सेकंदांनी फेकणं भाग होतं. सिरॅक्यूज एकेक गुण भरून काढत आलं. ९१-९१ असताना, शेवटचे बारा सेकंद उरलेले असताना जॉर्ज किंगने एक फ्री थ्रो टाकला आणि मग अँडी फिलिपकडून चेंडू हिसकावून घेतला. ९२-९१. त्या विजेत्या संघातले अर्ल लॉइड आणि जिम टकर हे एनबीए विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

माझ्या मते एनबीएचा सर्वांत मोलाचा हंगाम हाच. नंतर आलेल्या साऱ्या वेगवान महारथींचा खेळ या घड्याळावर उभा आहे. बियासोन यांना मात्र बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्यांचा संघही १९६३मध्ये फिलाडेल्फियाला गेला आणि सेव्हन्टीसिक्सर्स झाला. सिरॅक्यूजच्या आर्मरी स्क्वेअरमध्ये आज त्या घड्याळाचं स्मारक आहे. न्यूयॉर्क राज्यात त्या बाजूला कधी गेलात, तर तिथे थांबून पूर्ण २४ सेकंद मोजून पाहा.