कमी पिष्टाचा घरगुती पाव

उन्हाळ्यात कुरडया करताना गहू भिजवून, वाटून त्यांचा चीक काढतात आणि चोथा बाजूला सारतात. चीक म्हणजे गव्हातील पिष्ट. आज ज्या पावाविषयी बोलावयाचे आहे, त्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. येथे चीक वगळावयाचा आणि चोथ्यात राहणारे चिकट प्रथिन व कोंडा यांवर पाव उभा करावयाचा.

हा खटाटोप कशासाठी? १०० ग्रॅम मैद्यात ७० ग्रॅमांहून अधिक कर्बोदके असतात आणि पचनात त्यांची साखर होते. म्हणूनच मधुमेह्याला पाव जपून खावयास सांगतात. गोव्यासारख्या ठिकाणी, जेथे पोदेराची हाक हा सकाळचा भाग आहे, तेथे हे पथ्य जड जाते. पोईत कोंडा असतो खरा. परंतु त्यामुळे तिच्यातील पिष्ट नाहीसे होत नाही.

पाव फुगण्यास दोन गोष्टी लागतात. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते आणि ग्लूटेन नावाचे प्रथिन आपल्या लवचीक जाळ्यात तो धरून ठेवते. कणीक पाण्याखाली धुऊन हे प्रथिन वेगळे करता येते, असे इटलीतील बेक्कारी या विद्वानाने १७४५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सांगितले. बदामाच्या पिठात कर्बोदके थोडी. पण हे जाळेही नाही. म्हणून नुसत्या बदामपिठाचा पाव यीस्ट घालूनही नीट चढत नाही. आज ग्लूटेनची भुकटी विकत मिळते, त्यामुळे घरी कणीक धूत बसण्याचे कारण उरलेले नाही.

आता कृती. ग्लूटेनची भुकटी १५० ग्रॅम, जवसाची पूड ७५ ग्रॅम, बारीक दळलेला गव्हाचा कोंडा ५० ग्रॅम आणि एक चमचा मीठ एकत्र करावे. सव्वादोनशे मिलिलिटर कोमट पाण्यात एक चमचा साखर व दीड चमचा कोरडे यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. साखर पाहून दचकू नये. एरवी यीस्टला पिठातील पिष्टापासून साखर मिळत राहते. येथे पिष्टच थोडे, म्हणून तिची ही शिदोरी, आणि बहुतेक तीच ती फस्त करते. पाणी मात्र बोटाला सोसेल इतकेच ऊन असावे. कढत पाण्यात यीस्ट मरते.

फेस आल्यावर दोन अंडी व दोन मोठे चमचे लोणी घालून सारे सात-आठ मिनिटे मळावे. गोळा रबरासारखा ताणेल. ते योग्यच होय. तो लोणी लावलेल्या साच्यात ठेवून ऊबेत सुमारे दीडपट होऊ द्यावा. अधिक फुगवल्यास भाजताना मधोमध खचतो. नंतर १८० अंश सेल्सिअसवर ४० ते ४५ मिनिटे भाजावा आणि पूर्ण निवाल्याखेरीज कापू नये. दमट हवेत त्यास लवकर बुरशी येते. म्हणून चकत्या करून शीतकपाटात ठेवाव्यात.

या साऱ्या पावात, तंतू वगळता, सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके येतात. तितक्याच वजनाच्या मैद्याच्या पावात ती दोनशेहून बरीच अधिक भरतात. सोळा चकत्या केल्यास प्रत्येकीत दोन ग्रॅमांहून किंचित अधिक.

तथापि काही सावधगिरी अवश्य हवी. जे इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भाकरी-पोळीच्या जागी हा पाव एकाएकी सुरू करू नये. औषधाची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक उतरू शकते. आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाच्या रोग्यांनीही प्रथिनांचा विचार करावा. ज्यांना ग्लूटेन बाधते, त्यांना तर हा पाव सर्वथा वर्ज्य. शिवाय कर्बोदके कमी म्हणून उष्मांकही नाहीत, असे मुळीच नव्हे.

गव्हाच्या प्रथिनात लायसीन हे आवश्यक द्रव्य उणे असते. ते कडधान्यांत भरपूर मिळते. तेव्हा या पावाची चकती मोड आलेल्या मुगाच्या उसळीबरोबर घ्यावी. पथ्यही साधेल आणि जेवणही पुरे होईल.