बदललेली किडनी आणि लघवीची तपासणी

वॉर्डात ड्युटीवर असतानाचा एक मुलगा आठवतो. आईने त्याला किडनी दिली होती. वर्षभर सगळे ठीक चालले, मग त्याने गोळ्या कमी केल्या. “सिस्टर, लघवी साफ होते, सूज नाही, रिपोर्ट नॉर्मल. मग एवढ्या महागाच्या गोळ्या कशाला?” पुढच्या खेपेला आला तेव्हा क्रिएटिनीन चारवर गेले होते.

आधीचा रिपोर्ट खोटा नव्हता. क्रिएटिनीन रक्तात वाढते ते किडनीचे बरेच नुकसान झाल्यावर. दुसऱ्याची किडनी, मग ती आईची का असेना, शरीराला परकीच वाटते. गोळ्यांचा अंकुश ढिला पडला की पांढऱ्या पेशी तिच्यावर चालून जातात. रुग्णाला बराच काळ काही जाणवतही नाही. खात्री करायची तर सुईने किडनीचा बारीक तुकडा काढायचा, म्हणजे बायोप्सी. ती दर महिन्याला कोण करून घेईल?

म्हणून संशोधक लघवीकडे वळले. किडनीत असा हल्ला सुरू झाला की सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० ही प्रथिने तयार होतात. आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणे हेच त्यांचे काम, आणि ती लघवीत उतरतात. अमेरिकेत ४८५ रुग्णांच्या लघवीचे ४,३०० नमुने तपासलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. लघवीतल्या पेशींमधल्या जनुकीय खुणा, बायोप्सीत रिजेक्शन सापडण्याच्या सुमारे २० दिवस आधीपासून वाढत गेलेल्या त्यात दिसल्या.

पण हुरळून जायला नको. लघवीत जंतुसंसर्ग असला किंवा बीके विषाणूने डोके वर काढले, तरी ही प्रथिने वाढतात. स्वित्झर्लंडमध्ये सीएक्ससीएल-१० पाहून उपचार ठरवून बघितले, तर वर्षअखेर रुग्णांना वेगळा फायदा दिसला नाही. प्रमाण कमी असेल तर रिजेक्शनची शक्यता कमी, म्हणजे एखादी बायोप्सी टळू शकते. माझ्या मते आज तिचा खरा उपयोग एवढाच.

आपल्याकडे ही तपासणी रोजच्या वापरात नाही. लघवीतले प्रोटीन मात्र कुठेही, थोड्या पैशांत तपासून मिळते. ते वाढत जाणे ही किडनी पुढे निकामी होण्याची जुनी, ओळखीची खूण. क्रिएटिनीनसोबत ही तपासणी दर वेळी मागून घ्या.

पैसे संपले म्हणून गोळी अर्धी करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. त्यात लाज कसली? आणि टॅक्रोलिमसची पातळी बघायचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. गोळी घेऊन गेलात तर आकडा चुकीचा येतो.